पत्त्यांची हातचलाखी शिकताना: ठाण्यातल्या नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी नौपाड्यात माझ्याकडे काही मंडळी पत्त्यांची हातचलाखी शिकायला येतात. त्यात शाळकरी मुलं असतात, निवृत्त झालेले काका असतात, ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत काम करणारी तरुण मुलं-मुली असतात. पहिल्या काही भेटींत सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांच्यासाठी हे पान आहे. एखादी जादू बघून ‘हे केलं कसं’ एवढंच हवं असेल तर कृपया पुढे वाचू नका, बघण्यातला आनंद कायमचा जातो.

मला पत्ते धड पिसताही येत नाहीत. जमेल का?

जमेल. वर्षानुवर्षं रमी खेळून ज्याची पिसायची सवय पक्की झाली आहे, त्याला आधी ती सवय मोडावी लागते. तुमच्या हाताला तसलं काही वळण नाही, म्हणजे एक काम कमीच. लांब बोटं, चपळ बोटं, जन्मजात कला यांपैकी काहीही लागत नाही. घाई न करण्याची तयारी मात्र लागते.

कोणता कॅट घेऊ?

कागदी घ्या. मेंढीकोट खेळायला घरात असलेला प्लॅस्टिकचा कॅट पुसून-धुऊन खूप टिकतो, पण या कामासाठी तो फार निसरडा आहे. दोन पानं एकत्र धरली की एकमेकांवरून सटकतात.

मापाकडे लक्ष द्या. बहुतेक जादूगार पोकर मापाचे पत्ते वापरतात: रुंदी सुमारे ६३ मिलिमीटर आणि उंची ८८ मिलिमीटर. ब्रिज मापाचं पान तेवढंच उंच, पण रुंदीला ५७ मिलिमीटर असतं. सहा मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या पंज्यात कॅट मावतो की नाही, ते या फरकावर ठरतं. लहान हातांनी ब्रिज मापाने सुरुवात करावी.

पाठीच्या नक्षीला चारही बाजूंनी पांढरी किनार असलेला कॅट निवडा. पुढे कधीतरी पालथ्या पानांत एक पान उताणं लपवायची वेळ येते. तेव्हा दोन्ही बाजूंची कड पांढरी असल्याने ते सहज दिसत नाही.

बायसिकल हा अमेरिकन कॅट १८८५ पासून निघतो आणि जगभरच्या जादूगारांच्या हातात तोच दिसतो. त्याच्या पानांवर बारीक खळगे असतात, त्यांमुळे पानं अलगद सरकतात. कॅट उत्तम आहे, पण पहिल्या महिन्यात तो खर्च करू नका. स्टेशनजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या कागदी कॅटवर पकड आणि पिसणं बसवा. त्याचे कोपरे मऊ पडले की चांगला कॅट आणा. तोवर तुम्हाला दोन कॅटमधला फरक बोटांनी कळायला लागलेला असेल.

पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. काय करू?

जून ते सप्टेंबर हा प्रश्न दर रविवारी येतो. कागद हवेतला ओलावा पितो, पान किंचित फुगतं आणि बावन्न पानांचं ते किंचित मिळून कॅट जाडजूड होतो. खोक्यात सहज जाणारा कॅट ऑगस्टमध्ये दाबून बसवावा लागतो. मग पानं पसरायला गेलं की एकेक सुटण्याऐवजी दोन-दोन, तीन-तीन एकदम येतात. नवशिक्याला वाटतं आपला हात बिघडला. हात ठीक असतो, पानं ओली असतात.

घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. पुड्यांनी ओलावा भरून घेतला की त्या काम करत नाहीत, म्हणून अधूनमधून बदला. सराव संपला की कॅट लगेच डब्यात, टीपॉयवर रात्रभर उघडा नको. पानांना बाक आला असेल तर खोक्यासकट जड पुस्तकांखाली ठेवा. पावसाळ्यात सरावाचा कॅट वेगळा आणि लोकांसमोरचा वेगळा ठेवावा, हे मी आग्रहाने सांगतो.

पावडरचा मोह टाळा. अंगाला लावायची पावडर लावली की पानं दोन दिवस छान सरकतात, मग दमट हवेत तिचा थर जमतो आणि कॅट वाया जातो. मंचावर पानांचे मोठे पंखे करून दाखवणारे जादूगार झिंक स्टिअरेटची भुकटी वापरतात. ती नाकातोंडात जाणं चांगलं नाही. मुलांच्या हाती तर देऊच नका.

हाताला घाम येतो.

सरावाआधी साबणाने हात धुवा, कोरडे पुसा आणि पाच-दहा मिनिटं पंख्याखाली बसा. क्रीम, खोबरेल तेल, फरसाणाची बोटं, यांतलं काहीही लावून कॅटला हात लावू नका. आणि एक सवय आजपासून सोडा: बोटाला थुंकी लावून पान सरकवणं. आपल्याकडे वाटताना कित्येक जण हे करतात. समोरच्याला तेच पान हातात घ्यायचं असतं, हे लक्षात ठेवा.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

नुसतं धरण्यापासून. या पकडीला मेकॅनिक्स ग्रिप म्हणतात. कॅट डाव्या तळहातावर पालथा ठेवा. तर्जनी वळवून पुढच्या छोट्या कडेवर टेकवा. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी उजव्या लांब कडेवर येतील, अंगठा वर डावीकडे सैल पडेल. आता अंगठ्याने सगळ्यात वरचं पान उजवीकडे सरकवा, उजव्या हाताने घ्या आणि टेबलावर ठेवा. एक पान, पुन्हा एक पान. असा सगळा कॅट वाटून काढा, गोळा करा आणि पुन्हा वाटा.

हे करताना स्वतःच्या नखांकडे बघा. ती पांढरी पडत असतील तर तुम्ही कॅट आवळून धरलाय. पकड सैल करा, पानं पडली तर पडू द्या. आवळलेल्या हातात कुठलीच चलाखी होत नाही. शिवाय बघणाऱ्याला शास्त्र माहीत नसलं तरी ताणलेला हात दिसतोच, आणि जिथे ताण दिसतो तिथेच त्याची नजर जाते. कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन विसाव्या शतकातले पत्त्यांचे सगळ्यांत मोठे जाणकार मानले जातात. सहजपणा हाच त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. चोरून काही करताना हात जसा दिसतो तसाच तो काहीही न करतानाही दिसला पाहिजे. म्हणून आधी काहीही न करता हात कसा दिसतो ते बसवायचं. माझ्याकडे येणारी मुलं इथे कंटाळतात, त्यांना उडणारी पानं हवी असतात. तरीही मी पहिले दोन रविवार दुसरं काही शिकवत नाही.

पिसण्याचे किती प्रकार शिकावे लागतात?

तीन पुरेत, आणि त्यांतला एक बहुधा तुमच्या घरात आधीच आहे.

पहिला ओव्हरहँड. कॅटच्या छोट्या कडा उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटांत धरून तो आडवा उभा करा. डाव्या अंगठ्याने वरून थोडी थोडी पानं ओढत डाव्या हातात पाडत जा. हा प्रकार सगळ्यांत उपयोगी, कारण पिसल्याचं दिसतं आणि हवं ते पान हवं तिथे राहतं. खालचं पान खालीच ठेवायचं असेल तर उजवा हात कॅट उचलत असताना डाव्या बोटांनी ते एक पान हलकेच अडवून धरायचं आणि बाकी सगळं त्याच्यावर पिसायचं. वरचं पान खाली न्यायचं असेल तर सुरुवातीलाच ते एकटं ओढायचं आणि उरलेला कॅट त्यावर पिसायचा. खालचं वर आणायचं असेल तर शेवटची काही पानं एकेक करून टाकायची. एवढ्या तीन गोष्टी जमल्या की कितीतरी प्रयोग हातात येतात.

दुसरा, ज्याला जगभरचे जादूगार हिंदू शफल म्हणतात. कॅटच्या लांब कडा एका टोकाशी उजव्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरायच्या आणि डाव्या हाताने वरून गठ्ठे काढून घेत जायचं. आपल्या आजी-काकू पत्ते खेळताना पुष्कळदा असंच पिसतात. यात उजव्या हातातल्या गठ्ठ्याचं तळाचं पान शेवटपर्यंत बदलत नाही. समोरच्याने कधीही ‘थांबा’ म्हटलं की उजव्या हातातला गठ्ठा उचलून तळ दाखवायचा, पान आधीपासून ठरलेलंच निघतं. ज्या पिसण्याकडे घरात कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, त्याच्याइतका चांगला आडोसा कुठल्याही परदेशी करामतीत सापडत नाही.

तिसरा रिफल: कॅटचे दोन भाग करायचे, कोपरे एकमेकांत फरफर सोडायचे आणि मग कमान करून पानं खाली बसवायची. दिसायला देखणा आहे. पण तो जमल्यामुळे जादू जमत नाही. ज्याला तेवढाच येतो, त्याचे हात बघून लोक सावध मात्र होतात.

समोरच्याने निवडलेलं पान मधे गेलं. ते वर कसं आणायचं?

ओव्हरहँडमध्येच. पिसता पिसता थांबा. डाव्या हातात आलेल्या गठ्ठ्यावर त्यांना पान ठेवू द्या. आता उजव्या हातातलं फक्त एक पान त्यावर ओढा, पण ते स्वतःकडे अर्धा-पाऊण सेंटिमीटर बाहेर राहील असं. उरलेला कॅट त्यावर थोडा वेडावाकडा पिसून टाका. बाहेर आलेलं ते एक पान म्हणजे तुमची खूण, आणि ती फक्त तुमच्या बाजूने आहे. मग उजव्या अंगठ्याने खुणेच्या पानाच्या खालचा सगळा गठ्ठा उचला आणि वर टाका. निवडलेलं पान आता कॅटच्या माथ्यावर आहे.

वाचताना किचकट वाटेल. कॅट हातात घ्या, ओळखीचं म्हणून बदामची राणी निवडा आणि एकेक वाक्य वाचत करा. खुणेचं पान फार बाहेर काढणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. बाकीची पानं जरा विस्कटलेली असली की खूण आपोआप लपते, म्हणून इथे फार टापटीप राहू नका.

करंगळीचा ब्रेक म्हणजे काय?

कॅटमध्ये एखादी जागा लक्षात ठेवायची असेल, तर मागच्या उजव्या कोपऱ्यात करंगळीच्या टोकाच्या मांसाने एक बारीक फट धरून ठेवतात. फट तांदळाच्या दाण्याएवढीही नको. संपूर्ण करंगळी आत घालू नका, नुसती कातडी अडकली तरी पुरते. समोरून आणि दोन्ही बाजूंनी कॅट बंदच दिसला पाहिजे.

डबल लिफ्ट मला जमतच नाही. पानं सुटतात.

हा प्रश्न माझ्याकडे सगळ्यांत जास्त येतो. दोन पानं एकच असल्यासारखी उलटून दाखवायची, एवढंच डबल लिफ्टमध्ये असतं. प्रेक्षकाला वाटतं आपण वरचं पान पाहिलं. प्रत्यक्षात त्याने वरून दुसरं पाहिलेलं असतं.

पानं सुटायची कारणं तीन. एक, कॅट ओला किंवा प्लॅस्टिकचा असतो. दोन, उचलताना तुम्ही चिमटीत जोर देता, त्यामुळे दोन्ही पानं वेगवेगळी वाकतात. तीन, तुम्ही दोन पानं आयत्या वेळी मोजायला जाता. तयारी आधीच झालेली हवी. बोलत असताना, अजून कुणाचं लक्ष नसताना, अंगठ्याने वरची दोन पानं किंचित उजवीकडे सरकवा, परत आत घ्या आणि घेताना त्यांच्याखाली करंगळीचा ब्रेक धरा. मग हवं तेवढं बोला. वेळ आली की उजव्या हाताने दोन्ही पानं उजव्या कडेला अलगद धरून पुस्तकाचं पान उलटतो तशी उलटा आणि कॅटवरच टेकवा, हवेत धरून ठेवू नका.

आता महत्त्वाची गोष्ट. डबल लिफ्टचा सराव करणारा बहुतेक वेळा दोनच पानं उलटण्याचा सराव करतो. एक पान उलटण्याचा करत नाही. मग कार्यक्रमात खरंखुरं एक पान तो सहज, एका हाताने टपकन उलटतो आणि डबलच्या वेळी एकदम जपून वागतो. बघणारी पाचवीतली मुलगीसुद्धा हा फरक पकडते. आधी ठरवा की तुम्ही एक पान कसं उलटता. ते नेहमी तसंच उलटा, चहा पितानाही. मग डबलला त्याच चालीत आणा.

पान आपल्या मर्जीचं निवडायला लावता येतं का?

येतं, त्याला फोर्स म्हणतात. हिंदू शफलचा वर सांगितलाच. त्याहूनही सोपा म्हणजे आडव्या गठ्ठ्याचा. माथ्यावरचं पान तुम्हाला माहीत आहे, समजा चौकटचा गुलाम. काकूंना म्हणा, “काकू, हवे तेवढे पत्ते उचलून बाजूला ठेवा.” त्यांनी उचललेल्या गठ्ठ्यावर उरलेला गठ्ठा आडवा ठेवा आणि म्हणा, “तुम्ही जिथे कापलंत तिथे खूण राहू दे.” आता कॅट सोडा आणि काकूंकडे बघून काहीतरी विचारा. मी आधी काही हात लावला का? कितीही उचलता आले असते ना? एक-दोन वाक्यं झाली की आडवा गठ्ठा उचला आणि खालच्या गठ्ठ्यावरचं पान बघायला सांगा. ते चौकटचा गुलामच आहे, कारण काकूंनी उचललेल्या गठ्ठ्याचा तोच माथा होता.

यात बोटांचं काम शून्य आहे, सगळं काम त्या दोन वाक्यांचं. ती गाळून लगेच पान बघायला सांगितलंत, तर काकू म्हणतील, “अरे, हे तर वरचंच!”

नजर कशी चुकवायची?

तुम्ही जिथे बघता तिथे लोक बघतात. म्हणून चलाखीच्या क्षणी हाताकडे बघायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि खरोखर उत्तर हवं असेल असा प्रश्न विचारायचा. हशा पिकला की दोन सेकंद कुणाचंच लक्ष नसतं, तेव्हा ब्रेक धरा. मोठ्या हालचालीत छोटी लपते: कॅट टेबलावरून उचलण्याच्या ओघात पुष्कळ काही होऊन जातं.

हाताकडे न बघता करायचं, म्हणजे बोटांनाच पानं कळली पाहिजेत. अमेरिकेतले रिचर्ड टर्नर यांना दिसत नाही, आणि आजच्या सर्वोत्तम पत्तेबाजांत त्यांचं नाव घेतलं जातं. सगळं स्पर्शावर. डोळे मिटून रोज थोडा सराव करा, आठवडाभरात फरक जाणवेल.

सराव किती आणि कुठे करू?

रोज पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. रविवारी सलग चार तास बसण्याने बोटं दुखण्यापलीकडे फारसं काही होत नाही. मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखायला लागला की त्या दिवशी थांबा.

गुळगुळीत काचेच्या टेबलावर पालथी पानं उचलता येत नाहीत. जाड सोलापुरी चादर घडी घालून अंथरा, त्याहून चांगली बैठक विकत मिळत नाही. उपवनला किंवा तलावपाळीवर कॅट घेऊन जाणारे दर हिवाळ्यात भेटतात, पण तिथे वारा असतो आणि चौकटची सत्ती मासुंदा तलावात गेली की कॅट संपला.

आरशापेक्षा मोबाईलवर चित्रण करून पाहा. आरशासमोर नेमक्या चलाखीच्या क्षणी आपले डोळे मिटतात, हे आपल्याला कळतही नाही. मोबाईल एकदा प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि एकदा अगदी खाली. घरगुती कार्यक्रमात मुलं पुढे जमिनीवर बसतात आणि कॅट खालून बघतात.

ठाणे-वाशी लोकलमध्ये सराव केला तर?

बसायला जागा मिळाली तर नुसता कॅट हातात धरा, पकड आणि ब्रेक यांचा सराव करा. पानं उडवायची, पसरायची नाहीत. गर्दीत खाली पडलेली पानं वेचायला वाकणं धोक्याचं असतं आणि शेजाऱ्यालाही त्रास होतो. एका हाताने कापायचा शार्लिए कट घरी गादीवरच शिका.

मी डावखुरा आहे / माझ्या बोटांत त्रास आहे.

डावखुऱ्यांनी वर लिहिलेलं सगळं उलट हातांनी करावं, बस.

बोटांच्या त्रासाबद्दल विचारणाऱ्यांना मी अर्जेंटिनाच्या रेने लाव्हांद यांच्याबद्दल सांगतो. नवव्या वर्षी अपघातात त्यांचा उजवा हात गेला. उरलेल्या डाव्या हाताने ते जगभर पत्त्यांचे प्रयोग करत राहिले, २०१५ मध्ये वारले तोपर्यंत त्यांचं नाव सगळीकडे पोचलं होतं. त्यांची ख्याती वेगाची नव्हती. एकच प्रयोग आधीपेक्षा हळू, मग आणखी हळू करून दाखवायचा, ही होती. संधिवात असलेल्या माणसाने वेगाच्या मागे लागायचं कारणच नाही. आखूड वेळ, मऊ पडलेला कॅट आणि फोर्सवर आधारलेले प्रयोग एवढ्यात खूप काही होतं.

लोक म्हणतात “परत करून दाखव.” दाखवू का?

नको. पहिल्यांदा ते जादू बघतात, दुसऱ्यांदा तुमचे हात. हसून दुसरा प्रयोग सुरू करा.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. हॅरी हुडिनी म्हणत असत की एखादी जादू तीनदा दाखवा, मी ओळखतोच. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन यांनी त्यांना पान मधे घालून वर आणण्याचा प्रयोग दाखवला. पुन्हा दाखवला, पुन्हा दाखवला, तीनच्या पुढे कितीतरी वेळा. हुडिनींना शेवटपर्यंत कळलं नाही. व्हर्नन होईपर्यंत आपण एकदाच दाखवावं.

आणि पकडलं गेलो तर?

“बरोबर ओळखलंत” म्हणा आणि पुढे जा. वाद घालू नका, खोटं बोलू नका, पकडणारं मूल असेल तर त्याचं कौतुक करा. घरी येऊन त्या क्षणी तुमची नजर कुठे होती ते आठवा. बहुतेक वेळा हाताकडेच होती.

घरचे म्हणतात पत्ते म्हणजे जुगार.

त्यांची काळजी खोटी नाही, ती धुडकावू नका. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ पासून आहे आणि पत्त्यांनी घरं बुडालेली लोकांनी पाहिली आहेत. जादूत पैसा लावला जात नाही, कुणी हरत नाही. घरच्यांना एकदा समोर बसवून प्रयोग दाखवा, बहुतेक विरोध तिथेच मावळतो.

पण तुमच्यावरही एक जबाबदारी येते. ज्याला हवं ते पान माथ्यावर ठेवता येतं, त्याने पैसे लावून खेळू नये, पाच रुपयेसुद्धा नाही. गौरी-गणपतीच्या जागरणातला गमतीचा डाव असेल तर आधीच सांगून टाका की पिसायला आणि वाटायला मी बसणार नाही. माझ्याकडे शिकायचं असेल तर ही अट आहे आणि ती मी सैल करत नाही.

मुलाच्या अभ्यासाचं काय?

पर्सी डायकोनिस नावाचा मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन यांच्याबरोबर फिरायला गेला. तुमच्या मुलाने असं करावं असं मी सुचवत नाही! पण तोच पुढे गणितज्ञ झाला, स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला, आणि १९९२ मध्ये डेव्ह बेयर यांच्यासोबत त्याने दाखवून दिलं की रिफल पद्धतीने कॅट नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. पत्ते आणि गणित इतके जवळ आहेत. कॅटचे बरोबर सव्वीस-सव्वीस असे भाग करून एकाआड एक पान बसवलं आणि माथ्याचं पान माथ्यावरच ठेवलं, तर आठ वेळा केल्यावर कॅट मूळ क्रमाला येतो. आठवी-नववीच्या मुलांना मी हे कागदावर करून बघायला देतो.

हातचलाखी बसेपर्यंत त्यांनी एकवीस पत्त्यांचा जुना घरगुती प्रयोग करावा. सात-सातच्या तीन रांगा, पान असलेली रांग दर वेळी मधे, आणि असं तीनदा वाटल्यावर मनातलं पान अकरावं येतं. का येतं ते मुलाला स्वतः शोधू द्या.

करताना बोलायचं काय?

मराठीत बोला. व्हिडिओ बघून शिकलेली मुलं घरच्या माणसांसमोरही ‘पिक अ कार्ड, एनी कार्ड’ म्हणतात आणि आजी गोंधळून आजोबांकडे बघते. “आजी, यातलं एक पान ओढा, कुठलंही. मला दाखवू नका, आजोबांना दाखवा.” एवढं पुरतं. आपल्याकडे गुलामचोर आहे, बदाम सत्ती आहे, भिकार-सावकार आहे. चोर झालेला गुलाम सगळ्या कॅटमधून पळून आजोबांच्या खिशात सापडला, ही गोष्ट ऐकायला पाच वर्षांचं मूलही थांबतं आणि आजोबाही. प्रयोग तोच राहतो, पण तो आता त्यांच्या घरातला होतो.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात करू का?

मंचावर नको. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेतून किलवरची तिर्री दिसत नाही, सोसायटीच्या मांडवातूनही नाही. पत्त्यांची जादू पाच-दहा माणसांसाठी असते. आरतीनंतर प्रसाद वाटत असताना क्लबहाऊसच्या एका कोपऱ्यात चादर टाकून बसा, तीन प्रयोग करा, त्यांतला सगळ्यांत चांगला शेवटी ठेवा आणि कॅट खोक्यात घाला. उजेड डोक्यावरून येईल अशी जागा निवडा. पाठीमागे आरसा किंवा काचेचं दार असेल तर उठून दुसरीकडे बसा.

पाम आणि पास कधी शिकवाल?

पान तळहातात लपवणं म्हणजे पाम. दोन हातांआड कॅट गुपचूप कापणं म्हणजे पास. दोन्ही सुंदर आहेत, दोन्हींना खूप वेळ लागतो. वर लिहिलेल्या गोष्टींवर तुमच्या घरच्यांना तीन प्रयोग बिनधास्त दाखवता आले, की या. येताना सरावाचा जुनाच कॅट आणा, नवा नको.